आलं ते वाचतो

२२ एप्रिल २०१९, सोमवार

टँकर आजही उशिरा. चारा छावणीत सहाशे गुरं, सगळ्यांची तोंडं हौदाकडे. हौद सोसायटीचा, छावणी सोसायटीची, आणि शिव्या खायला सेक्रेटरी – म्हणजे मी!

सकाळी सातला भोंग्यावर नेहमीचं. पाण्याची वेळ, उसाचं वाटप, मग पेटीतल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, आणि आलेली चिठ्ठी गाळायची नाही – बहात्तरच्या दुष्काळापासूनची रीत. गरिबाने बोलायला भिऊ नये म्हणून तेव्हाच्या चेअरमननी घालून दिलेली. रीत चांगली. कंटाळा मला येतो, ते वेगळं. निम्म्या चिठ्ठ्या तर मीच लिहितो. ज्याला लिहिता येत नाही तो येतो, वेडंवाकडं सांगतो, मी नीट करून लिहून देतो, तो पेटीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी मीच वाचतो. अक्षर बरं असल्याची शिक्षा.

२४ एप्रिल

ऊन. दुसरं काही नाही.

२५ एप्रिल

बद्रीनाथची म्हैस मेली. छावणीतच, दाव्याला. लहानपणापासूनचा सोबती, कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, आज म्हशीच्या पोटावर डोकं ठेवून रडला. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने. बद्रीनाथ ऐकेना. म्हणे मेंढरांनी हौदात तोंड घातलं, तिथूनच रोग आला.

मेंढरं म्हाळूची. तो आणि त्याची बायको कडूबाई दरसाल या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर उतरतात. छावणी मोठ्या जनावरांची, पण संध्याकाळी हौदाच्या तळाशी उरलेलं पाणी त्यांच्या दीडशे मेंढरांना मिळतं. आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

२६ एप्रिल

पेटीत एकच चिठ्ठी. वाचली. “मेंढरं हौदावर येऊ देऊ नयेत. ही माणसं उतरतात तिथं मरी येते. अशांना पाण्याला शिवू देऊ नये.”

 छावणीत कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच.

आलं ते वाचतो. मी काय करणार?

२८ एप्रिल

चहाच्या टपरीवर तेच वाक्य. पिठाच्या गिरणीत तेच. शेंबडी पोरं खेळताना ओरडतात – उतरतात तिथं मरी येते! लोकांच्या तोंडात बसलं म्हणायचं.

जेवताना सुंदरबाईने तोंड सोडलं. आमच्या मंडळींना वाद घालायला जेवणाचीच वेळ सापडते. “तुमी वाचलंच कावून?”

म्हटलं, माझं काम वाचायचं. उद्या मी गाळायला लागलो तर परवा चेअरमनच्या विरोधातली चिठ्ठीही गाळावी लागेल. मग कसली रीत आणि कसली पेटी!

“लोकांना चिठ्ठी दिसत न्हाई. तुमचा आवाज ऐकू येतो. सोसायटीनंच हुकूम काढला म्हणतेत.”

भाकरी तशीच ठेवून उठलो. तिचं खरं असलं की मला भूक राहत नाही.

१ मे

शाळेत झेंडावंदन, लाडू. तिकडे हौदावर दगडफेक. कडूबाई मेंढरं घेऊन नेहमीसारखी आली तर पाच-सहा जणांनी दगड मारून हाकलली. मनगट मोडलं. तीन मेंढरं तिथंच पडली. मारताना तेच वाक्य म्हणत होते, म्हणे.



२ मे

चेअरमन गहिनीनाथने बोलावलं. पांढरे कपडे, कपाळावर घाम. “बास झालं. आता चिठ्ठ्या आधी माझ्याकडं. कुणाच्या भावना दुखतील आसं भोंग्यावर न्हाई पायजे.”

मी मान डोलावली. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं! बोलायची मोकळीक, बोलायची मोकळीक – एका बाईचं मनगट मोडलं, पुरे झाली ती मोकळीक. कोणीतरी लगाम घालायलाच हवा होता. तो माझ्या हातात नाही, हे त्याहून बरं.

३ मे

कडूबाई आली. हात गळ्यात बांधलेला. ओट्यावर बसली, पाणी दिलं तर तांब्या वर धरून, ओठ न लावता प्यायली. हे कधीपासून सुरू झालं? मागच्या साली तर आमच्याच पेल्याने चहा प्यायची.

“दादा, चिठ्ठी लिवा. आमी मरी न्हाई आणली. आमची मेंढरंबी त्याच पाण्यावर जगतेत. दगडं मारणारांची नावं सांगते, ती लिवा. आन् हौद दोन दिसांत खुला न्हाई झाला तर आमाला निघावं लागंल. वाटंत निम्मी मरतील.”

तिचं मात्र जसंच्या तसं लिहिलं. एक शब्द सुधारला नाही.

४ मे

चिठ्ठी गहिनीनाथने अडवली.

“याच्यानं वातावरण बिघडतं.”

मी म्हटलं, “मग ती पहिली वाचली तेव्हा?”

“ती मोघम होती. हिच्यात नावं हायती.”

नावांत तिसरं नाव त्याच्या पुतण्याचं. हे त्याला माहीत, मला माहीत, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासालाही माहीत असेल. म्हणजे एका अख्ख्या जातकुळीला मरी म्हटलेलं चालतं, आणि दगड कोणी मारला हे सांगितलं की भावना दुखतात! लगाम हवा म्हणणारा मीच होतो ना परवा? घ्या लगाम.

भांडायला हवं होतं. भांडलो नाही. चिठ्ठी परत मागितली, तीही दिली नाही.

५ मे

बद्रीनाथ आला. दारातच उभा. “ती चिठ्ठी माझी, तुला ठाव हाय. पण म्या येवढं म्हणलो न्हवतो बे.”

म्हटलं, रागात माणूस काय बोलतो ते त्याला आठवत नाही.

“म्हैस गेल्ती माझी. राग व्हता. पण मरी-बिरी...”  टोपी काढली, परत घातली, गेला.

६ मे

भोंग्यावर फक्त टँकर आणि ऊस. पेटीत चिठ्ठ्याच नाहीत. कोण टाकणार?

म्हाळूने निरोप पाठवला – दोन दिवसांची मुदत सरली, आज रात उतरली की निघतो.

७ मे

उजाडताना म्हाळू कळप घेऊन निघाला. धारूरच्या घाटाने वर. मेंढरं धापा टाकत होती, कोकरं म्हाळूच्या खांद्यावर दोन. कडूबाई मुद्दाम आमच्या दारावरून गेली. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

“तुमच्यावर राग न्हाई दादा,” म्हणाली. “तुमी काय, आलं ते वाचता.”

सुंदरबाईने तिच्या पदरात भाकरी बांधल्या. मी खुंटीवरची पिशवी काढायच्या निमित्ताने आत गेलो आणि ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

८ मे

ते वाक्य बद्रीनाथचं नव्हतं. माझं होतं.

तो म्हणाला होता, मेंढरांना आमच्या गुरांच्या आधी नका पाजू. एवढंच. मला ते मिळमिळीत वाटलं. सोबत्याचं दुःख लोकांना लागलं पाहिजे म्हणून मरीचं मी घातलं, शिवू देऊ नये हेही मीच. त्याने वाचून बघितलं नाही, त्याला वाचता येत नाही. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. वाक्य जमलं म्हणून. इतके दिवस या वहीतही खोटं लिहिलं.

आज सातला भोंग्यावर हे सांगितलं. नाव घेऊन – माझं. गहिनीनाथने मधेच वायर उपटली. किती ऐकू गेलं कोण जाणे. कळप कालच घाट चढून गेला.