ग्लासात उरलेलं पाणी

४ फेब्रुवारी
होकार आला. युगांडा. तिथल्या बायकांच्या पतसंस्थेत तीन महिने, बिनपगारी, शिकवायला. एप्रिलात निघायचं. आईला सांगितलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर.
"जाय. मी कुठी पळून जाऊन राहिली?"
मग भिंतीकडे तोंड.

९ फेब्रु.
आईजवळ कोण? भाऊ रायपूरला, घर तिसऱ्या मजल्यावर. आईला तिथे नेता येत नाही. इथे कुडव्यात आमचं दुसरं कोणी नाही.
शेजारची कांता आपणहून म्हणाली, मी राहीन. आमच्या पतसंस्थेची जुनी सभासद. जातीनं पोवार. आईला सांगितलं.
"तिले सांग, ग्लास घरून आणजो."
कांता नसेल तर जाणं नाही.

१३ फेब्रु.
ऑनलाइन प्रशिक्षण, हिंदीतून. सरांनी विचारलं, नव्या सभासदाचा भरवसा कसा ठरवता? आमचा नियम सांगितला. नव्या बाईनं प्रत्येक जुन्या सभासदाच्या घरी जाऊन पाणी प्यायचं. पाटलाच्या वाड्यात, बुद्धविहारामागच्या आमच्या घरातही. मग अर्ज. नियम आईचा, संस्थाही तिनंच उभी केलेली.
सर म्हणाले, सुंदर. पण हे मोजायचं कसं?
मोजता येतं. कांता नवी होती तेव्हा तिनं आमच्याकडे ग्लास ओठाला लावला, खाली ठेवला. पाणी होतं तेवढंच. ती गेल्यावर आईनं ते लिंबाच्या बुडाशी ओतलं. आणि अर्जावर सही केली.
सरांना एवढं सांगितलं नाही.

१८ फेब्रु.
केस विंचरताना आईला विचारलं, तेव्हा कांताच्या अर्जावर सही काऊन केली?
"घरात तं आली होती ना."
आणि आता?
फणी मागून घेतली. स्वतःच विंचरत बसली.

२३ फेब्रु.
उद्या नागपूर, पिवळ्या तापाची लस. कांताला दिवसभर बोलावलं आहे. आईला विचारलं नाही, फक्त कळवलं. हे बरोबर की

२४ फेब्रु.
संध्याकाळच्या गाडीनं परत. दंड जड. कांता ओट्यावर बसली होती, आत नाही.
आईनं भात थोडा खाल्ला. पाणी घेतलं नाही. कांतानं दुपारी ग्लास पुढे केला तर म्हणाली, पयले तू पी.
"पुरा पियाले लावला, ताई. पाहत होती माझ्याकडे. खाली ठेवला तं रिकामा ग्लास हातात घेऊन उलटा करून पाह्यला."
मग?
"मग मी दुसरा भरून ठेवला."
ती घरी गेली. आत आले. स्टुलावर ग्लास, वर ताटली. आईचे ओठ कोरडे. ग्लास उचलला. तिनं माझं मनगट धरलं.
"राहू दे. ती येते ना सकाळी, तिच्यासमोर पिईन."
तिकिटाचं उद्या कळवायचं आहे. ग्लास तिथेच आहे.