भर कोर्टातलं गुपित

बाबा, कोर्टाच्या ज्या रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही जन्म काढलात आणि साधा मेमोही घेतला नाहीत, तिथेच परवा मला कारण बताओ नोटीस मिळाली. तुम्ही गेल्यावर अनुकंपेवर मिळालेली ही नोकरी आता राहते की जाते, ठाऊक नाही. गुन्हा काय, तर रामपायलीची एक बाई पोरीला आलेल्या स्थळाची चौकशी करत आली आणि मी फायलींचा लाल बस्ता सोडून तिला त्याच्या जुन्या खटल्याची फाइल दाखवली. मलाजखंडचा ठेकेदार. हौ, तोच. तिसऱ्यांदा बाशिंग बांधायला निघालाय मेला!

आपल्या मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची गोष्ट. शेजारचे काका आपल्या पडवीत चहा घेत बसले होते. त्यांची पोरगी माझी मैत्रीण, तिच्यासाठी याचंच स्थळ आलेलं. 'भाऊ, तुमी तं कोर्टात असता. पोरगा कसा हाय?' तुम्ही कपाकडे पाहत म्हणालात, 'घर खाऊनपिऊन सुखी हाय.' काका खूश होऊन गेले. मी आतून तणतणत आले. 'बाबा, त्यानं पयल्या बायकोचा हात मोडला, त्याले शिक्षा झालती, तुमीच तं आईले सांगितलं! मंग काकाले काहून नाही सांगितलं?' तर माझ्यावरच ओरडलात, 'चूप! कचेरीतली गोष्ट कचेरीतच राह्यते. कोणाचं लगन मोडाचं पाप मले नोको.' वर्षभरात ती माहेरी परतली, डाव्या कानानं बहिरी होऊन. तुम्ही तिच्या दारावरून जायचं सोडलंत, मागच्या गल्लीनं कचेरीत जायला लागलात.

मला सांगा, निकाल भर कोर्टात वाचला, बाहेर पानठेल्यावर चार दिवस चघळला, मग तो गोपनीय कसा? नापास पोरांची यादी शाळेच्या भिंतीवर लावताना कोणाला लाज वाटत नाही. मग बायकोला मारून शिक्षा झालेल्यांची यादी कचेरीच्या भिंतीवर का नको? नाव, गाव, बापाचं नाव, ठळक अक्षरात. 'आदमी सुधर भी तो सकता है,' साहेब म्हणाले. सुधरू दे की! पोरीच्या आईनं वाचावं आणि तिनंच ठरवावं. नोटिशीच्या उत्तरात हेच लिहिणार आहे, माफी मागणार नाही. ती बाई फाइल मिटून उठली आणि म्हणाली, 'वाचली माह्यी पोरगी, बाई.' मला तेवढं पुरे आहे.

एकच गोष्ट त्या उत्तरात लिहिता येत नाही, म्हणून हा कागद, जो कुठेच जाणार नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बाबांनी तोंड बंद केलं म्हणून मी बोलले नाही. मैत्रिणीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी मी तिच्या हातावर मेहंदी काढत होते. तिनं हळूच विचारलं, 'तुले त्याच्याबद्दल काही मालूम हाय का? खरं सांग.' खोलीत आम्ही दोघीच होतो. तुम्ही गावातही नव्हतात बाबा, गोंदियाला गेला होतात. मी म्हटलं, 'नाही गं,' आणि हात हलवू नको म्हणून तिला दटावलं.