डिशवरचा कर आणि मी

३ मार्च
सरकार डिश टीव्हीवर कर लावणार. फक्त डिशवर, केबलवर नाही! केबलवाले राजधानीत, कोलंबसमध्ये, आमदारांना जेवायला घालतात, दुसरं काय. आमच्या डोंगरात केबल कधी आलीच नाही. इथल्या घराघरावरची डिश मी बसवलेली. म्हणजे हा कर माझ्यावरच. आमदार डनवेंना एकदा नीट समजावलं की बिल मेलंच समजा.

५ मार्च
डनवे मीटिंगमध्ये. पण सेक्रेटरी म्हणाली, "सांगते त्यांना, व्हर्लिन." नाव लक्षात आहे! वजन आहे आपलं.

१९ मार्च
उद्या कोलंबसला आमदारांच्या कमिटीपुढे साक्ष. चाळीस मिनिटांचं भाषण तयार. नोरीन म्हणते, "अरे, तिथे तीन मिनिटं देतात." बायकोला राजकारण कळत नाही.

२० मार्च
तीन मिनिटं दिली. निम्मी माइक चालू करण्यात गेली. डनवे मान खाली घालून लिहीत होते. मुद्दे टिपत असणार.

२ जुलै
बिल पास. डनवेंचं मत बिलाच्या बाजूने. त्यांच्या घरी डिश मी फुकट बसवली होती! पाठीवर थाप मारून म्हणाले, "मनाने मी तुझ्याच बाजूला होतो रे." मनाला मत नसतं वाटतं.

११ ऑगस्ट
डिश कंपनी कोर्टात गेली. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीशी दुजाभाव, असा दावा. मुख्य साक्षीदार अर्थातच मी. वकिलांना भाषण पाठवलं. नवा कोट घेतला.

६ नोव्हेंबर
वकिलांचं उत्तर नाही. कंपनीने कर गिऱ्हाइकांच्याच बिलात घातला. शेजारच्या थेल्माबाई माझ्या डिशच्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर ओरडल्या, "तू कोलंबसला गेलास आणि कर घेऊन आलास!" अडाणी बाई. डिश काढायला सांगितली. काढली.

१७ मे, खटल्याचं तिसरं वर्ष
केबलवाले आमच्या रस्त्याने खांब रोवताहेत. घाबरले आहेत मला. दुकान तात्पुरतं बंद ठेवलंय, खटल्यावर लक्ष देता यावं म्हणून.

१४ जानेवारी, पाचवं वर्ष
आज निकाल. रात्री बर्फ पडलं, आमची डिश बंद. गुडघ्यामुळे छपरावर चढवेना. नोरीन आणि मी थेल्माबाईंकडे बातम्या बघायला गेलो.

हरलो. कोर्ट म्हणालं, कर कंपनी कुठली यावर नाही, टीव्ही घरात कसा येतो यावर आहे. बातमी अर्ध्या मिनिटात संपली. साक्षीदारांचा उल्लेख नाही.

थेल्माबाईंनी कॉफी दिली. नोरीन हळूच म्हणाली, "मंगळवारी आपल्याकडेही केबल जोडायला येताहेत. मीच बोलावलंय."

मी टीव्हीकडे बघत राहिलो. चित्र अगदी स्वच्छ होतं.