पायाच्या हाडावरचे दात

सातपाटी
१२ फेब्रुवारी १९९७

नलूबाय,

जमनाचा आशीर्वाद. आमी सगळी बरी हाव. यंदा बोंबील चांगला येतोय, वाळत घालायला जागा पुरत नाय.

आता ऐक, हसू नको. रविवारी मी भाकरी खाल्ली! तांदळाची, कडक काठासकट. कॅन्सरपायी जबडा काढल्याला साडेतीन वर्षं झाली, तेव्हापासून पेज गिळत होते, तीही भिंतीकडे तोंड करून. तुझ्या सुगंधाच्या लग्नाला ताप आला म्हणून कळवलं ना? ताप-बिप काय नव्हता. पंगतीत सगळ्यांसमोर तोंडातून भात सांडला असता, म्हणून नाय आले. तू बोलणं सोडलंस. तुझंही बरोबर हाय.

पायातलं हाड काढून डॉक्टरांनी जबडा केला, ते तुला ठाऊक हाय. मागल्या वर्षी त्याच हाडात बारीक स्क्रू बसवले आणि सहा महिने नुसतं थांबा म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टर, पायाच्या हाडाला दातांचं काय कळणार?" मग त्यांनी फोटो काढून दाखवला. हाडानं स्क्रू असे घट्ट धरलेले की डॉक्टरच बघत राहिले! त्यावर दात चढवले. अगं, जे हाड चिखल तुडवत होडीपर्यंत जायचं ते आता भाकरी चावतंय. मी आरशासमोर बसून वेड्यासारखी दात वाजवते. आमचे हे म्हणतात, "पुरे गो, आता भांडी घास." पण मी पहिला घास चावला तेव्हा हेच ढसाढसा रडले.

काल पालघरच्या बाजारात सुगंधा भेटली. म्हणाली, आईला हल्ली कालवण झोंबतं, बिनतिखटाचं खाते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. माझंही असंच सुरू झालं होतं.

नलू, तू आठ वर्षांची होतीस. मासे वाळवताना भूक भूक करून रडत होतीस, म्हणून माझ्या डबीतली भाजल्या तंबाखूची मिशेरी मीच तुझ्या हिरड्यांना चोळली. भूक मरते, म्हटलं. आपल्या आयला वाटलं तू चोरून लावलीस. तुला मार बसला आणि मी गप्प उभी राहिले. आजवर गप्पच होते.

मिशेरी आजच फेकून दे. सोमवारी मला तपासायला बोलावलंय, तू बरोबर चल. शनिवारीच ये. माझं उशिरा कळलं म्हणून जबडा गेला. तुझं आत्ता कळलं तर तुझे दात तुझ्याच हाडावर राहतील.

रागावलेलीच ये, पण ये.

तुला मिशेरी लावणारी तुझी थोरली बहीण,
जमना