हेकमतचं नाव

१२ नोव्हेंबर २०२०, गुरुवार

भांडण झालं. जर्मीनाशी! व्हिडिओ कॉलवर, सगळ्या टीमसमोर, आणि माझ्या मागे ओट्यावर चकल्यांचं ताट.

आमचं काम म्हणजे यादी. अफगाणिस्तानातल्या बातम्या देशोदेशीच्या पेपरांतून गोळा करायच्या आणि रोज किती सामान्य माणसं मेली ते काढायचं. मोठमोठे पेपर ती यादी वापरतात. जर्मीना पश्तू आणि दारी भाषेतल्या बातम्या वाचते, मी सॉफ्टवेअर बघते. घटना दोन वेगळ्या पेपरांत आली तरच ती यादीत घ्यायची. आणि दोन बातम्यांचा मजकूर सारखाच असेल तर सॉफ्टवेअर त्या दोन्ही मिळून एकच धरतं. हे दुसरं कलम माझं. केवढी मिरवायचे मी त्यावर!

आज ती म्हणाली, नंगरहार प्रांतात तिच्या गावाशेजारी नऊजण मेले. लाकडं गोळा करायला गेलेल्या बायका आणि मुलं. आणि यादीत शून्य. मी शांतपणे (म्हणजे आगाऊपणे) सांगितलं, दोन्ही पेपरांत शब्द न् शब्द सारखा आहे, बातमी एकच झाली, बसत नाही. ती पेशावरला वाढलेली, रागावली की उर्दू-हिंदीवर येते. "एक ही तो है! मेरे भाई हेकमत ने लिखी है. पूरे ज़िले में वही एक है, दोनों को वही भेजता है!"

शेन — आमचा लीड — म्हणाला, "लेडीज, हे नंतर बोलू या का?" विषय संपला. चकल्याही मऊ पडल्या.

१५ नोव्हेंबर, रविवार

अण्णांना फोन. पाडवा उद्या, पण आजच केला. अण्णा म्हणजे माझे वडील, पारनेरचे बाळासाहेब वार्ताहर, तीस वर्षं तालुक्याच्या बातम्या दिल्या. छापून यायचं फक्त 'आमच्या वार्ताहराकडून'. नाव एकदाही नाही. आई चिडवायची, तुमचं आडनावच 'वार्ताहराकडून' करून टाका. ते हसायचे, पण पेपर आला की आधी तिथेच बघायचे.

भांडणाचं सांगितलं. मला वाटलं, माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "अगं, तालुक्याला एकच वार्ताहर असतो. मीही तीन पेपरांना एकच मजकूर द्यायचो. म्हणजे तुझ्या हिशोबानं पारनेरात कुणी मेलंच नाही?"

माझं कलम किती दिवस चालू आहे? दोन वर्षं. अशी किती माणसं गाळली मी?

१९ नोव्हेंबर

कलम बदललं. शेन तयार झाला, पण म्हणाला की अशा एकट्या बातमीदाराशी प्रत्यक्ष बोलून खात्री करायची. आज हेकमतला फोन लावला, जर्मीना मध्ये दुभाषी. लाईन सतत तुटत होती. त्यानं नऊही नावं सांगितली, वयं सांगितली. सगळ्यात लहान मूल चार वर्षांचं. कुणी मारलं? दोन्ही बाजू म्हणतात, समोरच्यांनी.

यादीत मेलेल्यांच्या नावाला रकानाच नाही! फक्त आकडा. ९ लिहिलं. शेजारी 'सोर्स' म्हणून आम्ही 'स्थानिक बातमीदार' लिहितो. मी तिथे हेकमतचं पूर्ण नाव टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नाही. अण्णांची आठवण झाली, बस्स.

३ डिसेंबर

लंडनच्या एका पेपरात आलं! नऊजण, आणि 'स्थानिक पत्रकार हेकमत' — आडनावासकट. जर्मीनानं मेसेजमध्ये नुसती बदामांची रांग पाठवली. त्या नऊजणांची नावं अर्थात नाहीत. पण त्याचं तरी आलं. दिवसभर मी हवेत. नवऱ्याला, देवदत्तला, तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो लॅपटॉपमधून वर न बघताच "अरे वा" म्हणाला.

२६ जानेवारी २०२१

इथे पुन्हा लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. जवळच्या ॲडम्सटाउन स्टेशनापर्यंत चालून येते, रिकाम्या गाड्या बघते. आजची यादी: १४.

९ मे, रविवार

काल काबूलमध्ये मुलींच्या शाळेबाहेर स्फोट. पन्नासाच्या वर, आकडा वाढतोच आहे. लेकीनं, रेवानं, माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला. "मॅमी, आर दे इन थर्ड क्लास लाइक मी?" मी म्हटलं, मोठ्या आहेत गं. जणू त्यानं काही बदलतं.

हल्ली इतर पेपरही हेकमतला फोन करतात म्हणे. माझ्या यादीत नाव बघून.

१५ ऑगस्ट, रविवार

इथल्या भारतीय मंडळींचं ऑनलाइन झेंडावंदन चालू होतं, कुणाचा तरी माइक सुरू राहिलेला. तेवढ्यात जर्मीनाचा फोन. काबूल पडलं. "सुचित्रा, हेकमत का नाम निकालो. अभी."

आमच्या साइटवरून वीस मिनिटांत काढलं. मग शोधलं, आणखी कुठे आहे. एकेचाळीस ठिकाणी! सगळीकडे आमचा हवाला. सगळ्यांना ईमेल केल्या. विषयात 'अर्जंट', तीनतीनदा.

१७ ऑगस्ट

बाराजणांनी काढलं. एकानं कळवलं, छापून झालेला मजकूर आम्ही बदलत नाही, धोरण आहे. बाकी गप्प.

जर्मीनानं एकदाही विचारलं नाही की नाव टाकलं कुणी. तिला वाटत असेल, शेननं. मी बोलले नाही. भित्री आहे मी.

२१ ऑगस्ट

हेकमतला घरातून घेऊन गेले. चौघं होते. कोण, माहीत नाही.

२९ ऑगस्ट, रविवार

गुरुवारचा काबूल विमानतळावरचा स्फोट. तेरा अमेरिकन सैनिक — नाव, फोटो, गाव, कुणाचं मूल अजून जन्मायचंय. वाचून रडू आलं, खोटं कशाला सांगू. आणि त्याच बातमीत खाली अफगाणांसाठी एक ओळ. 'किमान' आणि एक आकडा. आपलेही तेच करतात, पुण्याचा ऑनलाइन पेपर बघितला.

३१ ऑगस्ट

हेकमत गेला. गावाबाहेर टाकून दिलं होतं. जर्मीनानं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला.

देवदत्तला आज सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू नाव नसतं टाकलंस तरी त्यांनी त्याला शोधलंच असतं. गावात कुणाला माहीत नव्हतं का?" खरंही असेल. मला त्याचा उपयोग नाही.

६ सप्टेंबर

सगळे पेपर चाळले. पश्तू, दारी, इंग्रजी. हेकमतची बातमी कुठेच नाही. येणार कशी? त्या जिल्ह्यातून बातमी देणारा तोच होता. शेनला म्हटलं, आपण घेऊ या. तो म्हणाला, "सोर्स काय लिहायचा?" आणि मग स्वतःच "सॉरी" म्हणाला.

यादीत त्या दिवशी त्या जिल्ह्यात शून्य.

१९ सप्टेंबर

अण्णांचा फोन. "तुझा तो हेकमत काय म्हणतो?" मी म्हटलं, बरा आहे. बापाशी पहिल्यांदा एवढं मोठं खोटं बोलले.

२ ऑक्टोबर, शनिवार

शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँट्रीला, जर्मीनाच्या घरी गेले. तिनं वेलदोड्याचा हिरवा चहा केला. बसल्या बसल्या सांगून टाकलं — नाव मी टाकलं होतं. ती म्हणाली, माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. हेकमत खूश होता, बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव छापून आलं होतं. तिनंच लंडनच्या पेपरातल्या त्या पानाला काच लावून एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला पाठवलं होतं. त्यानं बैठकीच्या खोलीत लावलं. ते चौघं आले तेव्हा तिथेच होतं. "तुम साइट से नाम हटा रही थीं, सुचित्रा. और मैं उसे दीवार से उतारने को कहना भूल गई."