उन्हाचं बटण

रविवार संध्याकाळ, मीरा रोड, २००६

रंग आणि जुनी चित्रं शिकवणारी, मी बनवलेली कॉम्प्युटरची सीडी उद्या शाळेत दाखवायचीय, म्हणून आधी आईला दाखवली. स्क्रीनवरच्या रंगांतून अजिंठ्याच्या चित्रातला हिरवा जुळवायचा, एवढंच. तिने माउसला हातच लावला नाही.

"ट्यूबलाइटमध्ये रंग कळतो का? ब्लाउजपीस दुकानाच्या दारात आणून बघतो ना आपण?"

मी चिडलो. कॉम्प्युटर काय दारात नेऊ?

पण ते दार डोक्यातून जाईना. लेण्यात रंगवणाऱ्यांनी हा हिरवा कुठल्या उजेडात निवडला असेल? दिव्याच्या? हे मी शिकवतच नाहीये.

शेवटी स्क्रीनवर दोन बटणं टाकली, दिवा आणि ऊन; जे दाबाल त्या उजेडात रंग दिसतील. आईने ऊन दाबलं, मान तिरकी करून बघितलं आणि दुकानदाराला सांगावं तसं म्हणाली, "हां, हा दे."