अर्ध्या चेहऱ्याचं पुस्तक

धुळे, ११ फेब्रुवारी १९३४

अभिमननं आज आरसा मागितला. भाजल्याला सात आठवडे झाले. घरातले सगळे आरसे मीच उचलून खाली स्टुडिओत ठेवलेत. ‘फुटला,’ म्हटलं. ‘सगळेच?’ एवढंच बोलला आणि भिंतीकडे वळून निजला.

उजवा गाल, पापणी, ओठाचा कोपरा. फ्लॅशची पूड मी भरली होती. एक चमचा जास्त! उजेड चांगला पडेल म्हणून. धाकटा भाऊ माझा. नवरा गेल्यावर यानंच मला माहेरी आणलं, फोटोचं काम शिकवलं. आणि मी काय केलं!

१४ फेब्रुवारी

चोपड्याहून जीवरामनानांचं पत्र. त्यांच्या लेकीशी, कौतिकशी, अभिमनचं ठरलेलं आहे, लग्न वैशाखात. ‘कानावर काही आले आहे. मुलाचा ताजा फोटो पाठवावा.’ पत्र पदराला बांधून दिवसभर वावरले. कुणाला दाखवलं नाही.

१७ फेब्रुवारी

सुचलं! लांबट आरसा त्याच्या तोंडावर मधोमध उभा धरायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. भाजलेली बाजू आरशामागे जाते. चांगल्या बाजूला तिचंच प्रतिबिंब जोडलं जातं — अख्खा चेहरा!

नाक आड येतं. काचवाल्याकडून नाकापुरती खाच कापून आणली. ‘बाई, असा आरसा कुणाला हो?’ पैसे मोजून निघाले.

१८ फेब्रुवारी

‘माझा हात बसत नाही, जरा समोर बस,’ असं सांगून त्याला बसवलं. आरशात त्याला त्याचा डावा डोळा दिसला. ‘अक्का, बरा दिसतोय गं मी!’

कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं ते लवकर बाहेर काढलंच नाही.

२० फेब्रुवारी

पाच प्लेटा वाया. एकीत दोन भांग, एकीत दोन्ही गालांवर तीळ. एक तीळ प्लेटेवर पेन्सिलीनं बुजवला.

२४ फेब्रुवारी

एकाच फोटोवर कोण विश्वास ठेवील? आठ हवेत. टोपी घालून, बिनटोपीचा, हसताना, गंभीर. काळा कागद कापला, दोऱ्यानं शिवला, खळीनं फोटो चिकटवले. पुठ्ठ्याला माझ्या लग्नातला खण लावला. पुस्तक छान झालंय. बघवत नाही.

आईला एक पान दाखवलं. तांदूळ निवडत होती. ‘हाऊ कोन शे?’

‘अभिमन, आई.’

‘नही वं. हाऊ मना पोऱ्या नही.’ पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

२६ फेब्रुवारी

टपालात टाकलं. अभिमनला न सांगता. देवा, वैशाखापर्यंत काहीतरी होऊ दे. गाल भरून येऊ दे. नाहीतर माझा गाल जाळ, पण हे लग्न मोडू नको!

५ मार्च

गाल भरत नाही. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढंच.

१२ मार्च

चोपड्याचं पत्र. ‘पुस्तक पोचले. मुलाला समक्ष पाठवावे.’

आता? आता काय करू?

१३ मार्च

सांगून टाकलं. सगळं. त्यानं पत्र दोनदा वाचलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘माझ्या तोंडानं खोटं बोललीस गं, अक्का.’

मी पाय धरायला गेले. त्यानं पाय मागे घेतले.

१४ मार्च

सकाळच्या मोटारीनं गेला. एकटा. मी उपरणं पुढे केलं, गालावरून गुंडाळून घे म्हणून. घेतलं नाही. तसाच, उघड्या तोंडानं, भर बाजारातून चालत गेला. दोन बाया थबकून बघत राहिल्या.

१६ मार्च

नाही आला.

१७ मार्च

आज तरी! वाटेत तापी उतरावी लागते. नाही नाही ते मनात येतं. आई जेवत नाही. स्टुडिओला कुलूप. मी ओट्यावर बसून आहे.

१८ मार्च

आला.

भाजल्याचं कौतिकला पौषातच कळलं होतं. तरी तिनं बापाला सांगितलं होतं, ‘मोडू नका.’ फोटो तिनंच मागवला होता — भाजलेलं तोंड आधी बघून डोळ्यांना सवय व्हावी म्हणून.

पुस्तक त्याच्या हातात परत देताना म्हणाली, ‘भाजेल तोंड चालनं असतं. खोटं नही.’